आगीनंतरचा जीर्णोद्धार

साशंक : आपण नेमकी कोणती वस्तू दुरुस्त करावयास निघालो आहोत, एवढे मला प्रथम स्पष्ट करून घ्यावयाचे आहे. १९७३ सालची एखादी पोर्शे ९१४ डोळ्यांपुढे धरा. मूळचे चार सिलिंडरचे, पेट्रोल इंजेक्शनचे इंजिन मालकाने काढून टाकले, त्या जागी ९११ चे २.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसविले, इंजेक्शनऐवजी वेबरचे कार्ब्युरेटर लावले, मागची मडगार्डे रुंद केली, आणि एके दिवशी भर रस्त्यात, आसनांच्या पाठीमागे असलेल्या इंजिनाच्या खणात आग लागून तो सारा खटाटोप काळा पडला. आता मालक म्हणतो, गाडी पुन्हा उभी करावयाची. कारखान्यातून ज्या स्थितीत ती बाहेर पडली, त्या स्थितीचे आराखडे, मापे आणि सुट्या भागांचे क्रमांक आजही मिळतात, परंतु ती स्थिती मालकाला नको आहे. आग लागण्याच्या आदल्या दिवशीची स्थिती त्याला हवी आहे, परंतु तिचा आराखडा कोणाच्याच दफ्तरी नाही. ती कोणा एका कारागिराच्या हातात आणि स्मरणात होती, आणि तो कारागीर कोण हेही पुष्कळदा आजच्या मालकास ठाऊक नसते. जी रचना आगीस कारणीभूत झाली असण्याचा दाट संभव आहे, तीच रचना पैसा आणि श्रम खर्चून परत उभारणे, ही माझ्या मते दुरुस्ती नव्हे, आणि हीच माझी पहिली हरकत आहे.

हौशी : तुमच्या हरकतीत एक गृहीत आहे, ते असे की ९१४ ला एकच एक अधिकृत रूप होते आणि त्यापुढील प्रत्येक फेरफार म्हणजे त्या रूपावरील अतिक्रमण होय. या गाडीच्या बाबतीत तरी इतिहास तसे सांगत नाही. फेरी पोर्शे आणि फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ यांच्यात तोंडी ठरलेल्या करारातून ती जन्मास आली. सांगाडा एकच, त्यात फोक्सवॅगनसाठी चार सिलिंडरचे आणि पोर्शेसाठी सहा सिलिंडरचे इंजिन, अशी ती योजना. १९६८ च्या एप्रिलमध्ये नॉर्डहॉफ निवर्तले; त्यांच्या जागी आलेल्या कुर्ट लोट्झ यांनी त्या तोंडी कराराचा अर्थ निराळा लावला; सांगाडा पोर्शेला महाग पडू लागला; आणि सहा सिलिंडरची ९१४/६ जेमतेम ३,३०० च्या घरात तयार होऊन १९७२ मध्ये बंद पडली. सुमारे १ लाख १९ हजार गाड्यांपैकी बाकी साऱ्या चार सिलिंडरच्या. तेव्हा त्या खणात सहा सिलिंडरचे इंजिन बसविणारा मालक कोणतीही परकी कल्पना आणीत नाही. दोन कारखान्यांच्या तंट्यामुळे जे फार थोड्यांच्या वाट्यास आले, ते तो आपल्या हिकमतीने मिळवितो. फेरी पोर्शे यांच्या साठाव्या वाढदिवशी, १९६९ मध्ये, त्यांना भेट मिळालेल्या ९१४ मध्ये तर ९०८ या शर्यतीच्या गाडीचे तीन लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन होते. १९७० साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ९१४/६ जीटी एकंदर क्रमवारीत सहावी आणि आपल्या वर्गात पहिली आली, आणि रुंद मडगार्डांची ती धाटणी तिच्यापासूनच पुढे अनुकरणीय ठरली. ज्या गाडीच्या निर्मात्यांनीच तिच्या खणात चार, सहा आणि आठ अशी तीन निरनिराळी इंजिने बसविली, तिचे खरे रूप कोणते, याचा निकाल केवळ तारखेवरून लागणार नाही.

साशंक : इतिहासाचा दाखला मला मान्य आहे, परंतु तो गाडीच्या कुळाला लागू पडतो, तुमच्यापुढील या एका गाडीला नव्हे. कारखान्याने सहा सिलिंडरचे इंजिन बसविले तेव्हा त्याबरोबर तेलाची स्वतंत्र टाकी, तिच्या नळ्या, निराळा पेट्रोल पंप, निराळी वायरिंग, निराळा आधार, हे सर्व एका आराखड्यात बसविले; एका भागातील बदलाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे पाहणारा माणूस तेथे नेमलेला होता. खासगी फेरफारात हा माणूस नसतो. मूळच्या इंजेक्शन व्यवस्थेत पेट्रोल सुमारे दोन बार दाबाने खेळत असते. वेबर कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो. जुना पंप जागच्या जागी ठेवून कोणी कार्ब्युरेटर लावले आणि मध्ये दाब उतरविण्याची खात्रीची सोय केली नाही, तर आठपट दाबाचे पेट्रोल कार्ब्युरेटरच्या सुईझडपेला दाद देत नाही. ते पेल्यातून उतू जाऊन तापलेल्या इंजिनावर ओघळते. आणखी एक गोष्ट पाहा. मूळ व्यवस्थेत पंप चालवावा की थांबवावा, हे इंजेक्शनचे नियंत्रक यंत्र ठरवीत असे. इंजिन थांबले की पंप थांबे. नियंत्रक काढून टाकल्यावर पंपाची तार सरळ चावीच्या विजेला जोडली जाते, आणि मग अपघाताने वा बिघाडाने इंजिन बंद पडले तरी चावी फिरविलेली असेपर्यंत पंप निष्ठेने पेट्रोल ओततच राहतो. नळी निसटलेली असेल तर आगीला तो अखंड पुरवठा झाला. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते काम नीट केले असेल. परंतु ज्या सुरक्षेसाठी जुना भाग तेथे होता, ती सुरक्षा त्या भागाबरोबर निघून गेली, आणि ती गेल्याची नोंद कोणीच ठेवली नाही. तुम्ही जिला हिकमत म्हणता, तिची ही बाजू मला अधिक गंभीर वाटते.

हौशी : पंपाचा मुद्दा मी निमूटपणे स्वीकारतो. तो खरा आहे, आणि ज्याला अशी गाडी उभी करावयाची आहे त्याने तो पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पण फेरफार न केलेल्या ९१४ गाड्याही जळाल्या आहेत, किंबहुना पुष्कळ जळाल्या आहेत, आणि त्याची कारणे मूळ आराखड्यातच होती. पेट्रोलची टाकी पुढच्या डिकीत आणि इंजिन मागे. तेव्हा पेट्रोल गाडीच्या मधल्या बोगद्यातून प्लॅस्टिकच्या नळ्यांनी मागे येते. पन्नास वर्षांत ते प्लॅस्टिक इतके ठिसूळ होते की हात लावताच तडकावे. बॅटरी कारखान्याने इंजिनाच्या खणात, उजव्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यातून झिरपणारे आम्ल खालच्या पत्र्याला, मागच्या चाकाच्या आधाराला आणि जवळून जाणाऱ्या पेट्रोलच्या नळ्यांना खाते. या गाडीचे जुने जाणकार त्या कोपऱ्याला 'हेल होल' म्हणजे नरकाचे भोक म्हणतात, आणि ते नाव कोणी गमतीने ठेवलेले नाही. १९७४ पर्यंत पंपही त्याच बाजूला, एक्झॉस्टच्या उष्णतेत होता. पेट्रोलची वाफ होऊन पंप अडू लागला म्हणून १९७५ च्या गाड्यांत कारखान्यानेच तो पुढे, टाकीजवळ हलविला. याखेरीज इंजेक्टरच्या माथ्यावरील बोटभर लांबीच्या रबरी नळ्या. त्या दोन बार दाब वर्षानुवर्षे सोसतात, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने कडक होतात, आणि एका सकाळी त्यांतून पेट्रोलचा बारीक फवारा उडू लागतो. उणे ४० अंशांच्या आसपासही ज्याची वाफ पेट घेऊ शकते, त्याला ठिणगी मिळण्यास कितीसा वेळ लागणार? आता सांगा, अशा गाडीला कारखान्याच्या आराखड्याबरहुकूम, त्याच प्लॅस्टिकच्या नळ्यांसह, त्याच कोपऱ्यातील बॅटरीसह पूर्वस्थितीस नेणे, हे तुम्ही सुरक्षेचे नाव घेऊन कसे काय सुचविता? बोगद्यातून स्टेनलेस पोलादाच्या नळ्या टाकणे, पंप पुढे नेणे, बॅटरी पुढच्या डिकीत नेणे, हे सारे फेरफारच आहेत, आणि ते न करणारा माणूस मला मूळ रूपाचा उपासक न वाटता त्या रूपाच्या दोषाचा वारस वाटतो.

साशंक : म्हणजे मूळ आणि बदललेले, हा भेद येथे निरुपयोगी ठरला. बरे, तो मी सोडून देतो. त्याच्या जागी मला एक अधिक कडक अट घालावी लागेल. जर आग कारखान्याच्या दोषाने लागू शकते आणि मालकाच्या फेरफारानेही लागू शकते, तर आग कशाने लागली याचा निकाल लागल्याखेरीज एक स्क्रूही फिरविता कामा नये. आणि नेमके हेच लोक करीत नाहीत. गाडी आवारात आणली की मालकाला ती काजळी पाहवत नाही. दुसऱ्या दिवशी तो पाण्याचा जोरदार फवारा मारून सर्व धुऊन टाकतो, वितळलेल्या तारा कापून कचऱ्यात टाकतो, आणि महिन्याभराने नवे इंजिन आले की आनंदाने ते बसवितो. जुन्या आगीचे कारण धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेलेले असते. मोठ्या कारखान्यांनाही कारण सहजासहजी सापडत नाही. २०१० साली फेरारीला ४५८ इटालिया परत बोलवाव्या लागल्या, कारण मागच्या चाकाच्या कमानीत उष्णतारोधक पत्रा चिकटविणारा गोंद तापून पेट घेत होता; २०१४ साली पोर्शेने आपल्या ९११ जीटी ३ च्या ७८५ मालकांना गाडी चालवूच नका असे कळविले आणि सर्वांची इंजिने बदलून दिली, कारण कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल होत होता. एक गोंद आणि एक स्क्रू! एवढ्याशा गोष्टी शोधून काढण्यास त्यांच्यापाशी प्रयोगशाळा आणि जळालेल्या व न जळालेल्या अनेक गाड्या होत्या. एकट्या मालकापाशी एकच जळालेली गाडी असते, आणि तीही तो धुतो.

हौशी : धुवू नये, हे खरे; पण धुणे लांबविताही येत नाही, हा या कामातील पहिला पेच आहे, आणि तो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. आग विझविण्यासाठी सामान्यतः जी पिवळसर भुकटी वापरतात, ती बहुधा मोनोअमोनियम फॉस्फेट असते. ती हवेतील ओल शोषून घेते, आम्लधर्मी होते आणि ॲल्युमिनियमला खाऊ लागते. तारांवरचे पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि ओल मिळताच त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. जेथे ज्वाला पोहोचलीही नाही, तेथील विजेच्या जोडण्या त्यामुळे काही दिवसांत हिरव्या पडतात. आग विझली तरी तिचे खाणे चालूच राहते. म्हणून जाणता कारागीर पहिल्याच दिवशी बॅटरीची तार सोडवितो, गाडी सुरू करण्याचा मोह कटाक्षाने टाळतो, आणि मग जळिताचा रीतसर पंचनामा करतो. प्रत्येक बाजूचे छायाचित्र घेतो. कोणती नळी कोठून कोठे जात होती, तिच्यावरचा क्लॅम्प घट्ट आहे की सैल, तिचे टोक जळाले आहे की त्यापूर्वीच फाटले होते, हे लिहून घेतो. क्लॅम्पखाली दबलेले रबर पुष्कळदा शाबूत राहते, आणि तेवढ्याशा तुकड्यावरून ती नळी कोणत्या प्रतीची होती हे कळते; एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३० मानकातील आर-७ ही कमी दाबाची नळी इंजेक्शनच्या दाबावर लावलेली सापडली, तर अर्धा तपास तेथेच संपतो. पत्र्यावरचा रंग कोठे नुसता काळवंडला, कोठे फोड आले, कोठे जळून नागडे पोलाद उघडे पडले, यावरून ज्वाळेचा उगम आणि तिची दिशा काढता येते. स्वच्छ पोलादावर सुमारे २३० अंशांना गवती पिवळा आणि ३०० अंशांना निळा रंग चढतो. काजळीखाली तो टिकून राहिला असेल तर तीही एक साक्षच. हे सर्व लिहून झाले की मग धुवावे, आणि तेही हातमोजे घालून. कारण जुन्या सीलमध्ये व्हायटनसारखे फ्लोरिनयुक्त रबर असेल आणि ते ३०० अंशांहून अधिक तापले असेल, तर त्याच्या काळ्या चिकट अवशेषात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकते. ते कातडीतून आत शिरते, त्याची वेदना उशिरा सुरू होते, आणि तोवर हाडापर्यंत इजा पोहोचलेली असते. जळालेल्या इंजिनावर उघड्या हातांनी काम करणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला हे सांगितले गेले पाहिजे. आपल्याकडील गॅरेजांतून तर ते अवश्य सांगावे, कारण तेथे कोवळ्या वयाची मुलेही हाताने काजळी खरवडताना दिसतात.

साशंक : हा पंचनामा मला पसंत आहे, तुमच्या बाजूचे इतके सबळ बोलणे मी आतापर्यंत ऐकले नव्हते. परंतु आगीचे कारण हा भूतकाळाचा प्रश्न झाला. धातूची आजची अवस्था हा त्याहून कठीण प्रश्न आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. २.७ लिटरच्या त्या ९११ इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. उष्णतेने तिच्यातील स्टड उपटून येतात, हा तिचा दोष आग न लागताही प्रसिद्ध आहे. आगीत सापडलेल्या अशा केसची खात्री कोण देणार? आणि ती प्रत्यक्ष पेटली असती तर? जळत्या मॅग्नेशियमवर पाणी ओतले की त्यातून हायड्रोजन निघतो आणि आग भडकते. १९५५ साली ल माँ येथील अपघातात पेटलेल्या मर्सिडीजच्या मॅग्नेशियमी बॉडीवर पाणी मारणाऱ्यांना हा भयंकर अनुभव आला. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडचा कठीणपणा उष्णतोपचाराने आणलेला असतो. ते बराच वेळ २०० अंशांच्या वर राहिले की तो कठीणपणा उतरतो, आणि आकार मात्र तसाच राहतो. झडपांच्या स्प्रिंगा, ब्रेकच्या नळ्या, आसनामागच्या भिंतीचा पत्रा, मागच्या चाकाचा आधार, या सर्वांचे बाह्य रूप रंगाच्या दोन हातांनी नवे करता येते. येथेच मला तुमच्या कलेचे भय वाटते. ती जितकी उत्तम, तितकी आगीची खूण पुसण्यात ती यशस्वी. आपल्याकडे मूर्ती खंडित झाली तर कितीही कुशल शिल्पी असला तरी तिला सहसा लेप देऊन पूजेत ठेवीत नाहीत, तिचे विसर्जन करून नवी मूर्ती प्रतिष्ठापित करतात. त्या रिवाजामागे केवळ श्रद्धा होती असे मला वाटत नाही. जे आतून भंगले ते वरून सांधले म्हणून अखंड मानू नये, असा विवेकही त्यात होता.

हौशी : पण मंदिर कोणी विसर्जित करीत नाही. भग्न शिळा काढून तेथे नवी शिळा बसवितात, जी धड आहे ती ठेवतात, आणि जीर्णोद्धार कोणी व कोणत्या शकात केला, हे दारावर कोरून ठेवतात. तुम्ही उल्लेखिलेल्या रिवाजाची ही दुसरी बाजू मी माझ्या कामाचा आधार मानतो. तुम्ही दाखविलेली अदृश्य अवस्था खरी आहे, परंतु ती सर्वस्वी अज्ञेय नाही. सिलिंडर हेडचा कठीणपणा मोजण्याचे यंत्र चांगल्या मशीन शॉपमध्ये असते. तो उतरला असेल तर ते हेड टाकून द्यावे, त्यात तडजोड नाही. सांगाडा मापाच्या चौकटीवर चढवून प्रत्येक आधारबिंदू मूळ मापाशी ताडून पाहता येतो. आसनामागची भिंत आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया वाकल्या असतील, तर ते तेथे लपत नाही. स्प्रिंगा, नळ्या, सील, संपूर्ण वायरिंग, ब्रेकचे रबर, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली यांची तर तपासणीही करू नये; हे सर्व निमूटपणे बदलावे. मॅग्नेशियमच्या केसबद्दल तुमचे म्हणणे मी मान्य करतो. जी केस आगीच्या केंद्रस्थानी होती ती पुन्हा वापरावी असे मी कोणालाही सांगणार नाही. १९७८ पासून पोर्शेने ९११ एससीसाठी ॲल्युमिनियमची केस घेतली. तसे इंजिन मिळवावे, किंवा चारच सिलिंडरचे फोक्सवॅगनचे इंजिन परत बसवावे, त्याची केस मुळातच ॲल्युमिनियमची आहे. आणि एक लाभ असा आहे, जो आगीखेरीज कोणाला होत नाही. पन्नास वर्षांत प्रथमच ही गाडी पूर्णपणे उघडी होते. बोगद्यातील प्लॅस्टिकच्या नळ्या, बॅटरीखालचा कुजलेला पत्रा, यांपर्यंत हात पोहोचविण्यासाठी एरवी कोणीही धड गाडी इतकी उकलीत नाही.

साशंक : म्हणजे जे आगीपूर्वी करणे अवश्य होते, ते करण्यास आगीची वाट पाहावी लागली, हे तुम्हीच सांगितले. असो. तुम्ही बदलावयाच्या भागांची जी यादी दिली, तिच्यातून माझी पुढची शंका निघते. इंजिन बदलले, वायरिंग बदलली, मागचा अर्धा सांगाडा दुसऱ्या गाडीचा कापून जोडला. मग पहिल्या गाडीचे काय उरले? चासीचा क्रमांक. क्रमांक कापून दुसऱ्या सांगाड्यावर चढविणे हा अनेक देशांत गुन्हा आहे, आणि तो असावा हेच योग्य. परंतु क्रमांकाचा पत्रा जागचा न हलविता भोवतालची गाडी हळूहळू बदलणे, हा व्यवहार कायद्याच्या शब्दांत सापडत नाही. याचे एक आर्थिक कारणही आहे. ९१४ पुष्कळ वर्षे गरिबाची पोर्शे म्हणून कमी किमतीत विकली जात असे, तेव्हा जळालेली गाडी सरळ भंगारात जाई. आता किमती चढल्या, म्हणून जळालेले सांगाडेही परत येऊ लागले. विमा कंपनीने भरपाई देऊन मोडीत काढलेली गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि तिसऱ्या हातात पोहोचेपर्यंत आगीचा उल्लेख गळून पडतो. या साऱ्याची रुजुवात करणारा अधिकारी कोण? जर्मनीत फेरफार करावयाचा तर अधिकृत तज्ज्ञाचा दाखला घेऊन तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. तीस वर्षांहून जुन्या वाहनाला ऐतिहासिक गाडीची 'एच' अक्षराची पाटी हवी असेल, तर त्या काळात प्रचलित असलेले बदलच चालतात. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून माफी आहे आणि सुरक्षेची नियतकालिक तपासणी नाही; तेव्हा या १९७३ च्या गाडीच्या खणात काय आहे, हे कोणीही सरकारी डोळ्यांनी पाहणार नाही. आपल्या देशात दुसरे टोक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. मला हे टोकही सर्वस्वी मानवत नाही, कारण तुम्हीच दाखवून दिलेत की उत्पादकाचा तपशीलही कधी कधी ज्वालाग्राही असतो. परंतु तपासणीच नसलेल्या स्वातंत्र्यापेक्षा मला ते कमी भयावह वाटते.

हौशी : मला जर्मन रीत अधिक शहाणपणाची वाटते. ती फेरफारास मुभा देते, पण त्याला नाव, तारीख आणि जबाबदार माणूस जोडते. जेथे सरकार हे करीत नाही, तेथे कारागिराने ते स्वतः करावे. माझी अपेक्षा अशी, की आगीनंतर उभी केलेली प्रत्येक गाडी एका वहीसह उभी राहावी. त्या वहीत जळिताची छायाचित्रे असावीत, कारणाचा निष्कर्ष असावा, आणि कारण सापडले नसेल तर सापडले नाही असे स्पष्ट लिहिलेले असावे. प्रत्येक बदललेला भाग, प्रत्येक जोड, पेट्रोलचा दाब, पंपाच्या तारेचा मार्ग, इंजिन थांबल्यावर पंप थांबविणारी योजना कोणती, हे सर्व असावे. गाडी विकली तर वही गाडीबरोबर जावी. वही नसलेली गाडी मी विकत घेणार नाही, आणि कोणी घेऊ नये. मूळ रूप की बदललेले रूप, या वादापेक्षा मला हा दस्तऐवज महत्त्वाचा वाटतो, कारण मूळ गाडीलाही एक वही होती, ती कारखान्यात होती. फेरफार केलेल्या गाडीचा दोष तिच्या इंजिनात नसून तिची वही नसण्यात आहे.

साशंक : तुमच्या या वहीने माझ्या निम्म्या हरकती निकालात निघतात, हे मी प्रांजळपणे सांगतो. उरलेल्या निम्म्या मात्र अधिक टोकदार होतात. कारण सापडले नाही असे ज्या वहीत प्रामाणिकपणे लिहिले आहे, त्या गाडीचे काय करावयाचे? सर्व नळ्या नव्या, सर्व तारा नव्या, सांगाडा मापात, आणि तरीही ती का पेटली होती हे कोणास ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, जे काही पेटू शकले असते ते सर्व बदलले. परंतु नव्या रचनेत नवी शक्यता आणल्याचे नाकारणार कसे? मालक स्वतः धोका पत्करतो, तो त्याचा अधिकार मी मानतो. शेजारच्या आसनावर बसलेल्याने वही वाचलेली नसते. इंजिन पाठीमागे असल्यामुळे आग लागल्याचे चालकाला आरशातील धुरावरून उशिरा कळते, तोवर मागून येणाऱ्या वाहनाला ते आधी दिसलेले असते. त्या वाहनातील माणसांची संमती कोणी घेतली?

हौशी : याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाला ही संमती मिळालेली नसते, असे म्हणून मी निसटू शकतो. पण जी गाडी एकदा पेटली आहे तिच्यावर अधिक भार आहे, हे तुमचे म्हणणे मला पटते. इतकेच सांगतो, की कारण न सापडलेली गाडी मी वर्षभर रस्त्यावर आणणार नाही. ती बंदिस्त मार्गावर, आग विझविण्याची यंत्रणा जोडून, पुन्हा पुन्हा तापवून, प्रत्येक फेरीनंतर उघडून पाहीन. त्यानंतरही शंका उरलीच, तर ती संग्रहालयात उभी करीन. आणि कारण सापडले असेल, तर मात्र सहा सिलिंडरचे इंजिन पुन्हा बसविण्यास मी कचरणार नाही.

साशंक : आणि मी अजूनही चार सिलिंडरचे इंजिन, पुढे नेलेला पंप आणि पोलादी नळ्या यांच्याच बाजूने मत देईन. ज्या रचनेचे दोष पन्नास वर्षांत हजारो माणसांनी शोधून लिहून ठेवले आहेत, तिच्यावर माझा विश्वास अधिक. एका माणसाची वही कितीही प्रामाणिक असली तरी ती एकाच माणसाची असते. हा मतभेद आज मिटणार नाही.

हौशी : न मिटो. पण एका गोष्टीत आपण दोघेही एकाच बाजूला आहोत, आणि ती पोर्शेच्या मालकांपुरती नाही. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्यातले काही इथेनॉल महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून येते. त्या मिश्रणाचा विचार करून बनविलेले नाही असे रबर कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या पद्मिनी मोटारीत आणि तिच्या समकालीन कित्येक गाड्यांत आजही आहे. ज्याच्या दारात अशी गाडी असेल त्याने इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडावे, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बोटांनी वाकवून पाहावी, आणि जी कडक झाली असेल, जिला भेगा असतील किंवा जिच्यापाशी पेट्रोलचा वास येत असेल, ती इथेनॉल सोसणाऱ्या योग्य प्रतीच्या नळीने बदलल्याखेरीज गाडी सुरू करू नये.